वसंत व्याख्यानमालेतली निरक्षर बाई

पेणच्या वाचनालयात मला नोकरी लागली तेव्हा माझं लग्नाचं वय उलटून गेलं होतं आणि त्यावर बोलणारी रोह्यातली माणसंही दमली होती. अलिबागला राहून मी ग्रंथपालनाचा कोर्स केला होता. रोह्याला घरी आई आणि मी. सकाळची एसटी धरून पेणला यायचं, वाचनालय उघडायचं, देवघेव करायची. दुपारी वाचनालय बंद असायचं ते थेट संध्याकाळी उघडायचं. बाकीचे घरी जेवायला, झोपायला जात. मला घर नव्हतं पेणमध्ये. मी आतून कडी लावून डबा खायची आणि फाटलेल्या पुस्तकांना खळ लावत बसायची.

पाडवा जवळ आला की मात्र दुपारचीही उसंत मिळत नसे. चैत्रात वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला असायची. मागच्या अंगणात मांडव पडायचा, पुण्या-मुंबईचे वक्ते यायचे, दाराशी नव्या पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. परीक्षा संपल्या की मुलांसाठी सकाळचा गोष्टींचा तास, आणि सुट्टीपुरती एका कार्डावर दोन पुस्तकं. गावाला या सगळ्याचा अभिमान होता, मलाही होता.

त्या वर्षी कार्यकारिणीला वाचनालयाचा वर्ग वाढवून हवा होता, म्हणजे सरकारी अनुदान वाढलं असतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी जाताजाता विचारलं होतं, की गावाबाहेरच्या लोकांसाठी तुम्ही काय करता? तसं आम्ही काहीच करत नव्हतो. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अंगावर पांढरा स्वच्छ अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आवाज खणखणीत, आणि माईक समोर आला की चेहऱ्यावर वेगळंच तेज यायचं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की एखादा चांगला उपक्रम सुचवा. मी म्हटलं, पुस्तकांची पेटी घेऊन दर बुधवारी दुपारी मी जवळच्या जोह्याला जाते. तिथे गणपतीच्या कारखान्यांत शेकड्यांनी बायका काम करतात, त्यांना इथे यायला जमत नाही. ते खूश झाले. पत्र्याची एक जुनी ट्रंक माळ्यावरून काढून दिली, तिच्यावर वाचनालयाचं नाव रंगवून घेतलं.

पहिल्याच बुधवारी माझी फजिती झाली. लांबलचक शेड, वर पत्रे, आत गणपतींच्या पांढऱ्या रांगा. रंगाचा आणि ओल्या शाडूचा वास. मी ट्रंक उघडून पुस्तकं चटईवर मांडली आणि म्हटलं, घ्या, आवडेल ते घ्या. बायका बघत राहिल्या. मग एकीने हात पुढे करून दाखवले. कोपरापर्यंत माती. दुसरीचे गुलाबी, तिसरीचे सोनेरी.

दाराशी उजेडात बसून एक बाई मूर्तीचे डोळे आखत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तूच वाच ना गो. आमचे कान मोकळे हायत."

मी वाचायला लागले. आणि तेच पुढे चालू राहिलं.

डोळे आखणारी ही बाई चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा डोलवीच्या बाजूला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, त्याची शिफ्ट फिरती. एक मुलगी, प्राथमिक शाळेतली. कारखान्यात डोळ्यांचं काम सगळ्यांच्या हातात देत नाहीत, त्यामुळे तिचा तिथे थोडा मान होता आणि तो तिला ठाऊक होता. बोलायची कमी. वाचन रेंगाळायला लागलं की म्हणायची, "हे पान सोड." मी सोडायची. आधीच्या बुधवारी जी कोणी कामाला आली नसेल तिला गेल्या वेळची गोष्ट हीच सांगायची, ब्रश हातात धरून, डोळ्यांवरची नजर न काढता. सांगताना कादंबरीतल्या सासूचा आवाज असा काढायची की बायका हसून वाकायच्या.

तिला वाचता येतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. रंग खाली सांडू नये म्हणून मूर्तींखाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असत. कामातून डोकं वर काढलं की ती हे पेपर वाचत बसायची, आणि अर्धी बातमी शेजारच्या गणपतीखाली गेली की चिडायची. बाहेरगावी जाणाऱ्या मूर्तींवर पत्ते लिहायचं कामही तिच्याकडेच होतं. अक्षर उभं, टोकदार. मी एकदा विचारलं तर म्हणाली, सातवी पास आहे, पुढची शाळा लांब होती. त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं, मलाही नाही. पुस्तक ऐकायचं ते हात कामात गुंतलेले म्हणून. एवढी साधी गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

चैत्र आला. व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी जोह्याच्या बायकांना बोलवायचं मीच सुचवलं. या बाईने आपण ऐकलेली एक गोष्ट आपल्या पद्धतीने सांगावी, पंधरा-वीस मिनिटं, असं मी म्हटलं. अध्यक्षांनी लगेच होकार दिला. पत्रिकेवर छापलंसुद्धा. मी ती पत्रिका घेऊन कारखान्यात गेले तेव्हा तिने हात फडक्याला पुसले, मग पदराला पुसले, आणि मग ती हातात घेतली.

पुढचे दोन बुधवार मी वाचलं नाही. ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो. कुठे थांबायचं, सासूचा आवाज काढायचा की नाही, यावर बायकांनी वाद घातले. "पुण्याचे लोक असतील तिथं," एकजण म्हणाली, "आवाज नको काढू." ती म्हणाली, "मग काय राहतं गोष्टीत?" आवाज काढायचं ठरलं.

त्या संध्याकाळी कारखान्याच्या मालकाने टेम्पो दिला. बायका टेम्पोतून उतरल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या. केसांत अबोली, अंगावर ठेवणीतली लुगडी नि साड्या. मी त्यांना पुढून दुसऱ्या रांगेत खुर्च्यांवर बसवलं. मला पुस्तकांच्या प्रदर्शनाचं टेबल सांभाळायचं होतं, ते फाटकाशी. थोड्या वेळाने चिटणीस माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, की देणगीदारांना जागा नाही, तुमच्या बायकांना जरा पुढे सतरंजीवर घ्या. मी म्हटलं, त्या पाहुण्या आहेत. ते म्हणाले, पाहुण्याच आहेत, म्हणून तर अगदी पुढे. मी मांडवापर्यंत जाईतो त्या खाली बसल्याही होत्या. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, चालेल म्हणून.

पुण्याहून आलेले वक्ते भाषेवर बोलले, भरपूर बोलले. मग आभार. मग देणगीदारांचे सत्कार. मग देणगीदारांपैकी एकांनी दोन शब्द बोलायचे ठरवले. फाटकाशी उभ्याउभ्या मी कार्यक्रम लांबत चाललेला बघत होते. शेवटी चिटणिसांनी जाहीर केलं, की वेळेअभावी पुढचा कार्यक्रम आटोपता घ्यावा लागत आहे, तरी जोह्याच्या भगिनींच्या वतीने एकीचा प्रातिनिधिक सत्कार होईल. तिचं नाव पुकारलं. ती उठली, लुगडं सावरून पायऱ्या चढली. तिला वाटलं असावं, आता सांगायचं.

अध्यक्षांनी माईक घेतला. म्हणाले, "या भगिनीला अक्षरओळख नाही. पुस्तक उलटं धरलंय की सुलटं, हे त्यांना कळत नव्हतं. पण आपल्या वाचनालयाची पेटी त्यांच्या दारी गेली आणि आज त्या साहित्याच्या रसिक आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुण्याच्या पाहुण्यांनी तिच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. छायाचित्रकाराने सगळ्यांना जवळ यायला सांगितलं. मी टेबल सोडून धावले, पण मांडव गच्च भरला होता. मला दिसलं ते एवढंच, की ती माईककडे वळली आणि काहीतरी बोलली. तोवर माईक पाहुण्यांच्या बाजूला सरकवला होता. तिचं बोलणं पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल-नसेल. पाहुण्यांना वाटलं ती आभार मानतेय. त्यांनी हात जोडले.

सतरंजीवरच्या बायकांनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "मी सातवी पास हाय."

टेम्पोत चढताना मी तिच्या जवळ गेले. तिने शाल घडी घालून नारळासकट काखेत धरली होती. तिचा चेहरा मी नीट बघू शकले नाही. तिने विचारलं, "तू सांगितलं व्हतंस त्यांना असं?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग कोणी सांगितलं?" कोणीच सांगितलं नव्हतं. हातांना माती लागलेली बाई, तिला कोणीतरी वाचून दाखवतं, एवढं ऐकून त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना गाठलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी सांगितलं की ती बाई शिकलेली आहे, पत्ते लिहिते, पेपर वाचते. त्यांनी चष्मा काढला.

"अहो, पण तसं म्हटल्याने कार्यक्रमाला उठाव आला की नाही? लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं."

मी म्हटलं, "सर, तिचा अपमान झाला."

"शाल-श्रीफळ दिलं आपण," ते म्हणाले. "अपमान कसला?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. याचाच मला आजही जास्त राग येतो. दुष्टपणाने केलं असतं तर त्यांच्याशी भांडता आलं असतं.

आठवड्याने गावातल्या साप्ताहिकात फोटो आला. खाली छापलं होतं, ‘निरक्षर कारागीर महिलेचा सत्कार’. तो अंक जोह्यात पोचला. किराणा दुकानदाराने फोटो कापून भिंतीला चिकटवला, कौतुकाने. आणि ती तेल न्यायला गेली तेव्हा शाईचा पॅड पुढे सरकवून म्हणाला, "अंगठा देतेस काय?" दुकानात होते ते सगळे हसले. मुलीला शाळेत पोरांनी अडाण्याची पोर म्हटलं. नवऱ्याला कंपनीत कोणी काही बोललं असावं. तो घरी येऊन तिलाच म्हणाला, कशाला गेली होतीस तिकडे मिरवायला? हे सगळं मला कारखान्यातल्या दुसऱ्या एकीने बसथांब्यावर सांगितलं. तिने स्वतः काहीच सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी मी ट्रंक घेऊन गेले. ती दाराशीच बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज नको गो. माल जायचाय." परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात हे खरं होतं. पण दोन बुधवारांनंतरही माल जायचाच होता. शेडमध्ये कोणीतरी टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता, त्यावर गाणी चालू होती. मी चटईवर थोडा वेळ बसून राहिले. बाकीच्या बायका माझ्याशी गोड बोलल्या, पाणी दिलं, पण टेप कोणी बंद केला नाही. तिचं मन राखत होत्या त्या. मी ट्रंक न उघडताच परत आले.

मी साप्ताहिकाला खुलासा लिहून दिला. चार ओळींचा. ही महिला सातवी उत्तीर्ण असून मजकूर चुकीचा आहे, एवढाच. तो छापला गेला नाही. उलट कार्यकारिणीच्या बैठकीत मला बोलावून विचारण्यात आलं, की नोकरीत असताना संस्थेविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायचं मला कोणी सांगितलं? मी म्हटलं, संस्थेविरुद्ध नाही लिहिलं. चिटणीस म्हणाले, अध्यक्ष खोटं बोलले असाच त्याचा अर्थ होतो. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत राहिले. मग ते शांतपणे म्हणाले, की जोह्याचा उपक्रम तसाही पूर्ण झालेला आहे, आता बाईंनी दुपारी वाचनालयातच थांबावं. पावसाळ्यात वाचनालयाचा वर्ग वाढून आला. पेढे वाटले. मलाही दिला. तो मी खाल्ला नाही. टेबलावर ठेवून बसस्टँडवर गेले आणि रोह्याची गाडी येईपर्यंत उभी राहिले.

पुढल्या वर्षी मी ती नोकरी सोडली. रोह्याच्या वाचनालयात जागा निघाली होती. काम तेच, एसटीचा प्रवास वाचला, आईला बरं वाटलं. रोह्यातही चैत्रात व्याख्यानं असायची, आटोपशीर, शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या मांडणं, वक्त्यांना चहा देणं, हे सगळं मी करायची. फक्त सत्कार सुरू झाले की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची.

सहा-सात वर्षांनी आमच्या व्याख्यानमालेला समारोपाचे पाहुणे म्हणून पेणचे अध्यक्षच आले. आता थकले होते, काठी होती, पण आवाज तोच. विषय होता, खेड्यातलं वाचन. मला बघून त्यांनी ओळख दिली, आईची चौकशी केली. मी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि शेवटच्या रांगेत बसले. बाहेर जायला हवं होतं, पण गेले नाही. मला ऐकायचं होतं.

त्यांनी ती गोष्ट सांगितली. आता ती वाढली होती. त्या बाईने पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं तेव्हा ते कपाळाला लावलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ती म्हणाली, मास्तर, आम्ही आंधळे होतो. सभागृह अगदी शांत होतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

मी उठले. आयुष्यात कधी सभेत उभी राहून बोलले नव्हते. म्हटलं, "सर, ती बाई सातवी पास होती. तेव्हाही होती. तुम्हाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. माना वळल्या. आमच्या चिटणिसांचा चेहरा पडला. अध्यक्ष क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. अगदी मनापासून हसले, शाळेतल्या एखाद्या मुलीने बरोबर उत्तर द्यावं तसे.

"बघा," ते सभेला म्हणाले, "सातवी पास झाली. आमच्या पेटीने काय केलं याचा याहून मोठा पुरावा कोणता?"

आणि टाळ्या वाजल्या. पेणला वाजल्या होत्या त्याहून जास्त. मी उभीच होते. शेजारच्या गृहस्थांनी मला हाताने खूण केली, बसा आता.

पुढच्या रविवारी मी जोह्याला गेले. का गेले, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. कारखान्याला सुट्टी होती म्हणून घर विचारत गेले. ती अंगणात कैऱ्या चिरत बसली होती. चष्मा लागला होता. डोळ्यांचं काम तिने सोडलं होतं, आता साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायचं काम करायची. मला पाट दिला. मुलगी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. भिंतीशी बसून कसलं तरी जुनं मासिक वाचत होती.

मी रोह्याची हकीगत सांगितली. ती चिरायची थांबली नाही. मी उभी राहून काय बोलले, ते सांगितलं. मग ते काय बोलले, तेही. तेव्हा मात्र विळीवरचा तिचा हात थांबला.

"म्हणजे आता मला त्यांनीच शिकवलं," ती म्हणाली.

मग तिनेच विचारलं, "तू कशाला उठलीस?"

"खरं नव्हतं ते."

"खरं नव्हतं ते मला ठाव हाय ना," ती म्हणाली. "तुला ठाव हाय. तू गप बसली असतीस तर मी निसती अडाणी राहिली असती. आता उपकारबी झाले त्यांचे."

ती रागाने बोलली नाही. कैरीची फोड चाखून बघावी तसं बोलली आणि पुन्हा चिरायला लागली. मुलीने मासिकातून डोकं वर काढून आमच्याकडे पाहिलं. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, हिला वाचायची आवड दिसते, पेणला वाचनालयात नाव घालायला काय हरकत आहे, सुट्टीत मुलांना जास्तीची पुस्तकं मिळतात.

"तिथं नाय," तिने सांगितलं.

मी म्हटलं, मग रोह्याहून मी आणून देते.

तिने फोडी परातीत ओतल्या, वर मीठ घातलं, हळद घातली, हाताने वरखाली केल्या. हात पिवळे झाले. ते माझ्यासमोर धरून तिने बघितले आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं. मुलगी आत गेल्यावर म्हणाली, "नको. परत कोणी म्हणेल, जोह्याच्या पोरीला आम्ही वाचायला लावलं. ती वाचते ती तिच्या मनानं वाचते. तिला मासिकं मी रद्दीतून आणते."

चहा झाला. तिने मला पिशवीत थोड्या कैऱ्या घालून दिल्या आणि फाटकापर्यंत सोडायला आली. गाडी कुठल्या वेळेला मिळेल, पेणजवळ रामवाडीला उतरून बदलावी लागेल की थेट आहे, एवढंच बोलणं झालं. नंतर मी जोह्याला गेले नाही. तिची मुलगी पुढे नर्सिंगला गेली असं कोणाकडून तरी कळलं. अध्यक्ष वारले तेव्हा पेणच्या वाचनालयात शोकसभा झाली. मला निरोप होता, जुन्या कर्मचारी म्हणून दोन शब्द बोला. मी कळवलं, की आईला बरं नाही. आई अंगणात बसून शेंगा सोलत होती, अगदी ठणठणीत.